अकरा हजार पौंड ओढणारा पिकअप आणि दारावरचा 1,446

ऊनसावली
आम्ही ॲरिझोनातल्या चँडलर येथे राहतो. मागच्या महिन्यात आम्ही 26 फूट लांबीचा एक वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचे फिरते घर) विकत घेतला असून, जूनच्या उन्हातून पळ काढून फ्लॅगस्टाफमार्गे ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यापर्यंत जाण्याचा बेत आहे. ओढण्यासाठी चार दारांचा, टर्बो इंजिनाचा, ‘अर्धा टन’ म्हणवल्या जाणाऱ्या हलक्या वर्गातला पिकअप घरात आधीपासूनच आहे. ट्रेलरचे रिकामे वजन 5,300 पौंड आणि सामानासकट कमाल वजन 7,000 पौंड असे त्याच्या कागदांवर आहे. पिकअप घेताना विक्रेत्याने तो 11,000 पौंड ओढतो असे छातीठोकपणे सांगितले होते, त्यामुळे आपल्या हाताशी चार हजार पौंडांची मोकळीक आहे असे समजून आम्ही निर्धास्त होतो.

गेल्या रविवारी ट्रेलर जोडून वस्तीतून एक फेरी मारली, तेव्हा हा निर्धास्तपणा संपला. पिकअपचे नाक वर आणि शेपूट खाली झाली होती, संध्याकाळी लावलेल्या दिव्यांचा झोत शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावरील खिडकीत शिरत होता आणि स्टिअरिंग हातात नको इतके हलके लागत होते. प्रवासात आम्ही दोघे, 11 आणि 8 वर्षांची मुले आणि नाशिकहून आलेल्या सासूबाई असे पाच जण असू. आमचा पिकअप या कामाला खरोखर पुरेसा आहे का, आणि फ्लॅगस्टाफकडे जाणाऱ्या आय-17 महामार्गाचा चढ चढण्याआधी आम्ही नेमके काय काय करून घ्यावे?

मोजूनमापून
अकरा हजारांचा आकडा काही काळ बाजूला ठेवा. चालकाचे दार उघडलेत की दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेची माहिती देणारी, पिवळा पट्टा असलेली एक चिठ्ठी दिसेल. प्रवासी आणि सामान यांचे एकत्रित वजन अमुक पौंडांपेक्षा अधिक असू नये, असे तिच्यावर छापलेले असते. तो आकडा येथे लिहा. तो तुमच्याच गाडीवरचा असावा, कारण छतावरची काच, फोर-व्हील ड्राइव्ह आणि भारी आसने यांनी एकाच नमुन्याच्या दोन गाड्यांमध्ये काहीशे पौंडांचा फरक सहज पडतो.

ऊनसावली
1,446.

खटपट्या
म्हणजे 656 किलो. आमच्या गावच्या काळी-पिवळी जीपमध्ये याहून अधिक वजनाचे वऱ्हाड बसते, आणि टपावरचा बँड त्यात धरलेला नाही.

मोजूनमापून
आता बेरीज करू. ट्रेलरचे रिकामे वजन विसरून जा, कारण रिकामा ट्रेलर कोणीच ओढत नाही. गॅसची दोन नळकांडी, बॅटरी, भांडी, अंथरुणे, खुर्च्या आणि थोडे पाणी धरले तर तुमचा ट्रेलर 6,500 पौंडांपर्यंत सहज जाईल. (एक गॅलन पाणी म्हणजे सुमारे 8.3 पौंड, हे टाकीची तोटी उघडण्यापूर्वी लक्षात असू द्यावे.) या प्रकारच्या ट्रेलरचा 10 ते 15 टक्के भार त्याच्या पुढच्या टोकावर, म्हणजे पिकअपच्या हिचवर (ट्रेलर ज्या गोळ्यावर टेकतो त्या मागच्या जोडावर) यावा लागतो, आणि त्यालाच टंग वेट म्हणतात. मधला 13 टक्क्यांचा आकडा घेतला तर तो 845 पौंड होतो. चांगल्या वजन विभागणाऱ्या हिचचे स्वतःचे वजन सुमारे 95 पौंड धरा. माणसांचे मी अंदाजाने 170, 140, 85, 60 आणि 130 धरतो, ते 585 होतात. एकूण 1,525. तुमची मर्यादा 1,446 आहे, म्हणजे मागच्या हौद्यात एक घडीची खुर्चीसुद्धा न ठेवता तुम्ही 79 पौंडांनी पुढे आहात.

विक्रेत्याने खोटे सांगितले असे नाही. ओढण्याची क्षमता ठरवण्याच्या प्रमाणित पद्धतीत गाडीत प्रत्येकी 150 पौंडांचा चालक आणि एक प्रवासी असे दोघेच धरले जातात. त्या दोघांना मुले नसतात आणि सासूबाईही नसतात.

ऊनसावली
हा धागा सासूबाईंनी वाचला. त्यांचे वजन 59 नसून 54 किलो आहे आणि ते आकड्यांत तसेच धरावे, असे त्यांनी कळवले आहे. तूट 68 पौंडांवर आली.

बिनघोर
मी याच वर्गाच्या पिकअपने 28 फुटांचा ट्रेलर आठ वर्षे ओढत आहे, टेक्सासातून थेट मिनेसोटापर्यंत गेलो आहे, आणि दारावरची ती चिठ्ठी मी एकदाही वाचलेली नाही. या गाड्या कंपन्या भरपूर राखून बनवतात. माझ्या मते खऱ्या मर्यादा दोनच आहेत, एक आसाची आणि दुसरी टायरची. बाकीचे आकडे वकिलांच्या सोयीसाठी असतात. शिवाय वजन विभागणारी हिच लावली की टंग वेटचा काही भाग परत ट्रेलरच्या चाकांवर जातो, तो मोजूनमापून यांनी धरलेलाच नाही. उगाच घाबरवून एका कुटुंबाची सहल रद्द करू नये.

मोजूनमापून
सहल रद्द करा असे मी कोठेही म्हटलेले नाही. आसांच्या मर्यादेबद्दलचे तुमचे म्हणणे अर्धे मला मान्य आहे, पण आसांवर किती भार आहे हे तुम्हाला आठ वर्षांत कोणत्या काट्यावर कळले?

बिनघोर
काट्यावर गेलो नाही.

सातारकर_आबा
वरची चर्चा वाचून मला आमच्या वडिलांची उसाची बैलगाडी आठवली. विषय सोडून बोलतो आहे असे वाटेल, पण तसे नाही.

कारखान्याला ऊस घालताना साट्यावर मोळ्या कशा रचायच्या, हे वडील स्वतः पाहत असत, कारण उसाचा बुडखा जड आणि शेंडा हलका असतो. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, म्हणजे जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते, आणि चढावर तर बैल ओढतच नाहीत, लोंबकळतात. पुढे भार जास्त झाला तर दिवसभरात बैलांचा खांदा सुजतो. म्हणून गाडी भरून झाली की बैल जुंपण्यापूर्वी वडील जुवाखाली हात घालून ते उचलून पाहत. फार हलके लागले तर चार मोळ्या पुढे, फार जड लागले तर चार मागे. त्यांच्याकडे टक्केवारी नव्हती, पण तुम्ही ज्याला टंग वेट म्हणता ते ते रोज पहाटे मोजत होते. येथे मिशिगनमध्ये मी पहिला ट्रेलर घेतला तेव्हा विक्रेता मला पाऊण तास समजावत होता आणि मी मनात म्हणत होतो की हा उलाळ होऊ नये म्हणून सांगतो आहे.

पुण्यातून
आबा, फार सुंदर. कोल्हापूर रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या डुलत जाताना पाहिल्या की आता त्यांचे जू कोण उचलून पाहते हाच प्रश्न पडेल.

रातराणी
आबांच्या उपमेला एक पुरवणी जोडते. बैलगाडी उलाळ झाली तर थांबते, ट्रेलर उलाळ झाला तर थांबत नाही, तो शेपटी हलवू लागतो. हलका टंग असलेला ट्रेलर ताशी 45 मैलांपर्यंत शहाण्यासारखा मागून येतो आणि एका ठराविक वेगानंतर त्याचे झोके आपोआप विरण्याऐवजी वाढत जातात.

तीन वर्षांपूर्वी वायोमिंगमध्ये आय-80 वर, लारामी आणि रॉलिन्स यांच्यामध्ये एल्क माउंटनच्या पट्ट्यात हे माझ्या हातून घडले. तेथला वारा प्रसिद्धच आहे. आदल्या मुक्कामी सांडपाणी सोडण्याची सोय नव्हती, त्यामुळे मागच्या बाजूची 40 गॅलनची टाकी भरलेली, म्हणजे आसाच्या मागे सव्वातीनशे पौंडांहून अधिक भार होता. त्यात मागच्या बंपरवर दोन सायकली आणि त्यांचा स्टँड. निघताना मला यात काही वावगे वाटले नाही. एक अठराचाकी ट्रक डावीकडून पुढे गेला, आधी त्याच्या हवेने ट्रेलरला बाहेर ढकलले आणि मग आत ओढले, आणि उजव्या आरशात मला माझ्याच ट्रेलरची संपूर्ण बाजू दिसली. आरशात ती कधीच दिसू नये. पुढच्या क्षणी ती डाव्या आरशात होती.

पाय ब्रेककडे आपोआप जातो, तो जाऊ द्यायचा नसतो, कारण पिकअप मंदावला की मागचा ट्रेलर त्याला आणखी ढकलतो. स्टिअरिंगने उलट झोके देऊन सावरण्याचा मोहही आवरावा लागतो. मी स्टिअरिंग सरळ धरले, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढला आणि डॅशबोर्डवरच्या ब्रेक कंट्रोलरची लहानशी पट्टी अंगठ्याने दाबली, जिच्यामुळे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. जणू मागून कोणी शेपटी धरून ओढावी तसा ट्रेलर ताणला गेला आणि सरळ झाला. सगळे मिळून दहा सेकंदही झाले नसतील. पुढच्या फाट्यावर थांबून दार उघडले तर गोडा मसाल्याचा डबा फुटून सगळा ट्रेलर लग्नघरासारखा दरवळत होता, आणि प्रेशर कुकर मागच्या कपाटातून निघून पलंगावर जाऊन बसला होता. घरी आल्यावर तसाच भार ठेवून टंग मोजला, तो 7 टक्के भरला.

ऊनसावली, ती पट्टी कोठे आहे हे प्रवासात शोधायचे नसते. अंगणात उभ्या गाडीत बसून डोळे मिटून वीस वेळा तिच्यावर बोट न्या, आणि ही सवय यजमानांनाही लावा.

खटपट्या
गोडा मसाला कोणाच्या हातचा होता, हे कळवल्यास पुढील चर्चा सोपी होईल.

रातराणी
आईच्या. म्हणून तर तीन वर्षांनंतरही दुःख आहे.

डेन्व्हरवासी
चढाची चिंता सगळे करतात, पण माझ्या अनुभवात ट्रेलर माणसाला उतारावर शिकवतो. येथे आय-70 वर आयझेनहॉवर बोगदा 11,158 फुटांवर आहे आणि त्यातून बाहेर पडले की दोन्ही बाजूंना मैलोन् मैल उतार आहे. तुमच्या मार्गावर फीनिक्सच्या सुमारे 1,100 फुटांवरून फ्लॅगस्टाफच्या सुमारे 6,900 फुटांपर्यंत जाताना चढ सलग नाही. मध्ये कॅम्प व्हर्डीकडे उतरणारा लांब घाट आहे, आणि तो नवख्या माणसाला चकवतो. साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे 3 टक्क्यांनी घटते. तुमच्या टर्बो इंजिनाला उंची तितकी जाणवणार नाही, पण ब्रेकना टर्बो नसतो.

टो-हॉल मोड, म्हणजे ओजे ओढताना गिअर त्यानुसार बदलणारी गाडीतली सोय, घरून निघतानाच लावा. उताराच्या आरंभीच, वेग वाढण्यापूर्वी, खालचा गिअर घ्या आणि वेग इंजिनाला धरू द्या. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरू नका. वेग वाढला की एकदा ठामपणे दाबून दहा-पंधरा मैलांनी कमी करा आणि पाय काढून घ्या, म्हणजे ब्रेकना निवायला वेळ मिळतो.

ब्रेक कंट्रोलर बसवलेला असणे आणि तो जुळवलेला असणे यात फरक आहे. रिकाम्या सपाट रस्त्यावर ताशी 25 मैलांच्या वेगात फक्त ती हाताची पट्टी पूर्ण दाबून पाहा. ट्रेलरने ठळकपणे मागे ओढले पाहिजे, पण त्याची चाके घासत जाता कामा नयेत. घासली तर जोर एक पायरी कमी करा. सामान बदलले की हे पुन्हा करावे लागते.

बिनघोर
डेन्व्हरवासी यांच्याशी पूर्ण सहमत. ब्रेकच्या बाबतीत मी कधीच बिनघोर नव्हतो.

ऊनसावली
सर्वांचे आभार. आम्ही हिचच्या चौकोनी नळीवरची चिठ्ठीही वाचली. तिच्यावर दोन ओळी आहेत. नुसत्या गोळ्यावर 5,000 पौंडांचा ट्रेलर आणि 500 पौंडांचा टंग, तर वजन विभागणाऱ्या हिचसह 11,000 आणि 1,100. म्हणजे गेल्या रविवारी आम्ही जी फेरी मारली ती मर्यादेच्या कितीतरी बाहेर होती. ही हिच नेमके काय करते, ते कोणी साध्या शब्दांत सांगेल का?

मोजूनमापून
हिचचा गोळा पिकअपच्या मागच्या आसाच्या बराच मागे असतो, त्यामुळे तेथे भार टेकवला की मागचा आस टेकू होतो आणि पुढची चाके उचलली जातात. तुमचे स्टिअरिंग हलके झाले आणि दिवे शेजाऱ्यांकडे गेले ते यामुळेच. वजन विभागणाऱ्या हिचमध्ये दोन जाड पोलादी दांडे ट्रेलरच्या चौकटीखाली ताण देऊन अडकवतात. हातगाडीचे दोन दांडे धरून वर उचलल्यावर भार जसा तिच्या चाकावर जातो, तसे ते दांडे पिकअपला मागून उचलतात. मागच्या आसावरचा काही भार पुढच्या आसावर परततो आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर जातो. किती परतवायचा हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते, त्यापेक्षा अधिक ताणू नये. तुमच्या टंग वेटला साजेसे दांडे घ्या आणि डोलणे दाबणारे घर्षण असलेला प्रकार घ्या.

एक लक्षात असू द्या, ही हिच चुकीचा भरलेला ट्रेलर बरोबर करत नाही. आबांच्या वडिलांनी हलवलेल्या चार मोळ्या आधी, दांडे नंतर.

पूर्वा_बेकर्सफील्ड
टायरबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून लिहिते. वापरलेल्या ट्रेलरच्या टायरवर नक्षी भरपूर असते, कारण तो वर्षातून चारदा हलतो, पण रबर उन्हात उभे राहून म्हातारे होते. टायरच्या कडेवर शेवटचे चार अंक पाहा. 2318 असेल तर तो 2018 च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे, आणि ॲरिझोनाच्या उन्हात इतकी वर्षे काढलेल्या टायरवर मी मुले घेऊन निघणार नाही. हवा सकाळी थंड टायरमध्ये भरा. ट्रेलरच्या अनेक टायरांची वेगमर्यादा ताशी 65 मैल असते, रस्त्यावरची पाटी 75 म्हणत असली तरी. आमच्या कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्याला 55 चीच मर्यादा आहे. लोक हसतात, पण त्या वेगात ट्रेलरही फार शांत असतो.

साखळ्या टंगखाली एकमेकींना ओलांडून लावा, म्हणजे जोड निसटलाच तर टंग त्या झोळीत पडतो. ट्रेलर तुटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लावणारी बारीक तार असते, ती साखळीला न अडकवता पिकअपला स्वतंत्र अडकवा.

मोजूनमापून
आता शेवटचे, आणि सगळ्यांत स्वस्त काम. महामार्गावरच्या ट्रकथांब्यांवर मोठे वजनकाटे असतात. पुढची चाके पहिल्या फळीवर, मागची दुसऱ्या आणि ट्रेलरची तिसऱ्या फळीवर उभी करायची, आणि काही डॉलरांत तिन्ही भारांची पावती मिळते. सगळे कुटुंब गाडीत बसवून तीन वेळा वजन करा. पहिल्यांदा दांडे लावून, दुसऱ्यांदा दांडे सोडून, तिसऱ्यांदा ट्रेलर बाजूला उभा करून नुसता पिकअप. पावत्या येथे लिहा.

ऊनसावली
आठ दिवसांनी लिहीत आहे. हिच बसवली, ट्रेलरचे चारही टायर बदलले (त्यांच्यावर 2017 साल निघाले), जनरेटर आणि हत्यारांची पेटी हौद्यातून काढून घरी ठेवली. कॅनमधले धान्य आणि भांडी आसाच्या जवळच्या कपाटात आणली. काल पहाटे काट्यावर गेलो.

नुसता पिकअप, पाचही जण आणि हिच धरून: पुढे 3,380, मागे 2,920, एकूण 6,300.
दांडे सोडून: पुढे 3,040, मागे 4,120, ट्रेलरची चाके 5,540.
दांडे लावून: पुढे 3,260, मागे 3,780, ट्रेलरची चाके 5,660.

मी केलेले गणित असे आहे. ट्रेलरचे एकूण वजन 6,400 आणि टंग 860, म्हणजे सुमारे 13.4 टक्के. पुढच्या आसावरून 340 पौंड उचलले गेले होते, त्यांपैकी 220 परत आले. पिकअपची एकूण मर्यादा 7,050 आणि मागच्या आसाची 4,050 आहे. दांडे सोडल्यावर आम्ही दोन्ही मर्यादांच्या बाहेर होतो आणि लावल्यावर एकूण 7,040 भरलो. दहा पौंड शिल्लक आहेत. सासूबाई म्हणतात की ते त्यांचेच आहेत.

मोजूनमापून
गणित अचूक आहे. त्या काट्याची पावती 20 पौंडांच्या टप्प्याने येते, त्यामुळे दहा पौंड शिल्लक आहेत हे काट्यालाही ठाऊक नाही. मी असतो तर ताज्या पाण्याची टाकी आसाच्या पुढे आहे की मागे ते पाहून ठेवले असते, पाणी मुक्कामी पोचल्यावर भरले असते, आणि हौद्यात परतीच्या वाटेवर दगड, कलिंगड, काहीही ठेवू दिले नसते. पुढे कधी ट्रेलर बदलाल तर छोटा घ्या, पिकअप बदलाल तर पाऊण टनाचा घ्या. या जोडीने, या भाराने, संथ वेगात तुम्ही जाऊ शकता.

बिनघोर
मीही शनिवारी काट्यावर गेलो. मागच्या आसावर मर्यादेपेक्षा 160 पौंड अधिक निघाले. चिठ्ठी अजून वाचलेली नाही, कारण दार उघडण्याचे धैर्य होत नाही.

सातारकर_आबा
बिनघोर, चार मोळ्या पुढे घ्या. ऊनसावली, नव्या चाकांचे नट पहिल्या 50 ते 100 मैलांत पुन्हा आवळावे लागतात, ते विसरू नका.

ऊनसावली
आबा, आज सकाळी साडेपाचला निघालो आणि आता कॉर्ड्स जंक्शनला थांबून लिहीत आहे. यजमान टॉर्क रेंच घेऊन उन्हात बसले आहेत. दोन नट पाव फेरा फिरले. सासूबाई छत्री धरून उभ्या आहेत आणि प्रत्येक नटाचा टक् आवाज आला की मोठ्याने आकडा मोजत आहेत.